शेंदराखालचा नंबर

आमच्या घरात गाडीचा नंबर म्हणजे पाटीवरचा नंबर. गाडीला आणखीही काही नंबर असतात, ते लोखंडात ठोकलेले असतात आणि पाटीसारखे स्क्रू काढून बदलता येत नाहीत, हे माझ्या भावाला सांगायला गेलं की तो असा चेहरा करतो, जणू मी त्याला गाडीचा रक्तगट विचारला.

त्याचा नंबर ठरलेला आहे. 4141. इंग्रजी चार जरा वाकवला की त्याचा द होतो, आणि शेजारचा एक काना म्हणून उभा राहतो. असं दोनदा केलं की 'दादा'. माझा तो दादाच, थोरला भाऊ. पण भिवंडीजवळच्या आमच्या वळ गावात त्याची गोदामं आहेत, त्यामुळे अर्धं गाव त्याला दादा म्हणतं, आणि उरलेलं त्याचं भाडेकरू असल्यामुळे म्हणतं. त्याच्या मोठ्या काळ्या गाडीवर दादा, वहिनीच्या स्कूटरवर दादा, गोदामात पाणी आणणाऱ्या टँकरवरसुद्धा दादा. अशी पाटी लावायची नसते म्हणून ट्रॅफिकवाले त्याला अडवतात, दंड घेतात आणि जाताना "बरं दादा" म्हणतात. दंड वसूल होतो आणि पाटीही सार्थकी लागते.

गणपती गेले आणि दादाने वळच्याच एका गोदामात एक जुनी गाडी पाहिली. लाल, परदेशी, दोन दारांची, छप्पर मागे दुमडणारी. शर्यतीच्या गाड्यांच्या घराण्यातली होती म्हणे. कंपनीचं नाव तो दर वेळी वेगळं उच्चारायचा, म्हणून मी ते इथे लिहीत नाही. गाडी दोन माणसांची होती. दादाचा देह बघता एकाचीच. वळमध्ये आता मोठ्या काळ्या गाड्या घरटी झाल्यात, हळदीला घोडा नाचवून झालाय, हेलिकॉप्टरची चौकशी करून झालीय. जुनी शर्यतीची गाडी तेवढी कुणाच्या दारात नव्हती. आणि ह्या गाडीच्या पाटीवर आधीपासूनच 4141 होतं. दादाला वाटलं, देवाने नाव घालून पाठवलीय.

त्या आनंदात तो वहिनीला घेऊन माझ्याकडे आला. पेढे घेऊन आला, तेव्हाच मला कळलं की काहीतरी मागायचंय.

मी भिवंडी शहरात धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत राहते, पहिल्या मजल्यावर. खाली लूमचा कारखाना. दिवसपाळी, रातपाळी, लूम काही थांबत नाहीत. माझ्या घरात भांडी फळीवरून हळूहळू पुढे सरकतात आणि मी ती रोज मागे ढकलते. कपातला चहा सदैव थरथरत असतो. इतक्या वर्षांत आवाजाची सवय झाली, थरथरीची नाही झाली. शाळेतली नोकरी संपत आलीय, आणि नोकरी संपल्यावर मला फक्त एकच गोष्ट हवीय: न हलणारी जमीन. ती टेमघरला आहे. छोटासा तुकडा आहे, दोन खोल्या आणि पुढे थोडं अंगण होईल एवढा. वळची सगळी शेती बाबांनी स्वतःच्या हयातीतच दादाच्या नावावर केली, मुलगा म्हणून. टेमघरचा तुकडा तेवढा त्याच्या नावावर करायचा राहून गेला. त्यांच्या मागे तो आम्हा दोघांच्या नावावर लागला. म्हणजे वडिलांच्या विसरण्यातून जे मिळालं, तेच माझं.

दादाला नेमका तो तुकडा विकायचा होता.

"गाडी घ्यायचीय, बाय," तो म्हणाला. "टेमघर काढल्याबिगर जमत न्हाय. तू हक्कसोडीवर सही कर, बाकी मी बघतो."

आमच्याकडे बहिणी हक्क सोडतात. सोडतात म्हणजे त्यांच्याकडून सोडवून घेतात, आणि वर साडी नेसवतात. माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायकांच्या कपाटात अशी एकेक भरजरी साडी आहे. ती कुणी नेसत नाही. साडी घेतली की माहेर शाबूत राहतं, नाही घेतली की भाऊबीजेला भाऊ येत नाही, आणि गावातून जाताना चुलत्या तोंड फिरवतात. हे सगळं मला माहीत होतं, म्हणून माझ्या तोंडून 'नाही' निघेना. वर्गात दिवसभर नाही नाही करणारी बाई मी, भावासमोर बसले की माझी जीभ परकर-पोलक्यातली होते. मला स्वतःचा संताप आला. पण संताप आला तरी शब्द काही येईना.

शेवटी मी पळवाट काढली. म्हटलं, जुनी गाडी घेताना लोक तिचे सगळे नंबर तपासतात. सगळे नंबर कागदाशी जुळले तर सही करते. नाही जुळले तर टेमघरचं नाव काढायचं नाही.

दादा मोठ्याने हसला. "नंबर? नंबर तर माझाच हाय," म्हणाला आणि माझ्याच पेढ्यांतला एक उचलून गेला.

मी मोबाइलवर वाचत बसले. वाचलं ते असं. जुन्या भारी गाड्यांच्या धंद्यात एका गाडीची बॉडी, दुसरीचं इंजिन आणि भंगारात गेलेल्या तिसरीचे कागद असा संसार जमवतात. म्हणून शहाणं गिऱ्हाईक तीन नंबर पाहतं. एक इंजिनावरचा. दुसरा बॉनेटखाली पत्र्याच्या छोट्या पट्टीवरचा. आणि तिसरा चेसिसवरचा, म्हणजे ज्या सांगाड्यावर अख्खी गाडी उभी असते त्याच्याच लोखंडात ठोकलेला. पहिले दोन बदलता येतात. तिसरा बदलायचा तर लोखंड घासावं लागतं आणि पुन्हा ठोकावं लागतं. घासलेलं डोळ्याला दिसलं नाही तरी कागद ठेवून पेन्सिल घासली की कधीकधी खालचं वर येतं. नाण्यावर कागद धरून आमची मुलं करतात तसं. मी दप्तरात पेन्सिल आणि कोरे कागद टाकले. मनातून धाकधूक होतीच, कारण जुळले असते तर मी स्वतःच्या तोंडाने जागा घालवून बसले असते.

गंमत म्हणजे ह्याच दादासारखा तपासणारा माणूस नाही. जमीन घ्यायची असेल तर सातबारा, फेरफार, गट नंबर, मोजणीचा नकाशा, सगळं पुन्हा पुन्हा पाहील. मेलेल्या माणसाची मुंबईत राहणारी विसरलेली भाची शोधून काढील आणि तिची सही आणील. तलाठी त्याला बघून चष्मा पुसायला घेतो. आणि गाडी? पाटी बघितली, हॉर्न वाजवला, झालं.

आम्ही शनिवारी गेलो. वहिनी बरोबर होती, कारण तिला परत येताना मारुतीला तेल घालायचं होतं. पिशवीत तेलाची बाटली आणि रुईची माळ होती.

गोदामात एका बाजूला फ्रिजच्या आणि मिक्सरच्या खोक्यांच्या भिंती आणि दुसऱ्या बाजूला कापडाखाली जुन्या गाड्या. विकणारा गृहस्थ पांढऱ्या बुटांत होता. मराठीत वाक्य सुरू करायचा आणि पैशांपाशी आला की हिंदीत शिरायचा. गाडी एका गोऱ्या साहेबाने बोटीतून आणली आणि मग ती एका संस्थानिकाची झाली म्हणाला. भिवंडीत विकायला येणारी प्रत्येक जुनी वस्तू संस्थानिकाचीच असते. आपल्याकडे भंगारवाल्यांपेक्षा संस्थानिक जास्त होऊन गेले असावेत. मग ती गाडी सिनेमातही होती. कुठल्या, ते त्याला आठवेना.

"मॅडम, ये गाडी नहीं है, इतिहास है," तो म्हणाला.

इतिहास असेल तर पुरावे लागतात, असं मी म्हटलं आणि आरसी बुक मागितलं.

दादा तोवर गाडीत बसला होता. बसला म्हणजे अर्धा आत गेला आणि अर्धा बाहेर राहिला. वहिनीला त्याने फोटो काढायला लावले, पाटी दिसली पाहिजे म्हणून तिला जवळजवळ जमिनीवर बसवलं. मग स्टेअरिंगला नमस्कार केला आणि मला म्हणाला, बघ तुझे नंबर.

मी इंजिनावर टॉर्च मारला. नंबर वाचला. बुकाशी पडताळला. जुळला. मग पत्र्याची पट्टी पाहिली. तिचे रिव्हेट कालच्या बाजारातले असावेत असे चकाकत होते, पण आमची अट रिव्हेटची नव्हती. नंबर वाचला. तोही जुळला. दादा बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हक्कसोडीचं हसू पसरत चाललं होतं. मला टेमघरचं अंगण डोळ्यांसमोरून जाताना दिसलं, खोटं कशाला बोलू.

तिसरा नंबर कुठे, मी विचारलं. गृहस्थाने बॉनेटच्या मागच्या बाजूच्या जाड लोखंडी पट्टीकडे हात केला आणि तोच हात लगेच छातीवर नेला. पट्टीवर शेंदूर थापला होता. चांगला जाड थर. वर दोन पांढरे डोळे चिकटवले होते.

"हनुमानजी हैं. पहले मालिक ने बिठाए थे. हाथ मत लगाइए."

पहिला मालक कोण, ते त्याने थोड्याच वेळापूर्वी सांगितलं होतं: ही गाडी बोटीतून उतरवून घेणारा गोरा साहेब. म्हणजे साहेबाने लंडनची गाडी आणली, बॉनेट उघडलं आणि मुहूर्त बघून आत मारुती स्थापन केला. नेमका नंबरावर.

मी दादाकडे पाहिलं. तो मागे सरकला होता. कोर्टात कुणालाही न भिणारा माझा भाऊ शेंदूर दिसला की चपला काढतो. ह्या धंद्यात तो गृहस्थ उगाच नव्हता. त्याला माहीत होतं, भिवंडीत रंग खरवडतील, गंज खरवडतील, शेंदूर कुणी खरवडणार नाही. दादा म्हणाला, देवावर हात टाकायचा न्हाय, दोन जुळले म्हणजे तिसरा जुळलाच. मी नास्तिक नाही. मलाही तिथे नख लावायचा धीर होईना.

तेव्हा वहिनी पुढे आली. ती दादासमोर फारशी बोलत नाही. तिने पिशवीतून बाटली काढली आणि म्हणाली, "वन्सं, आज शनिवार हाय. देवाला तेल घालायला कोन न्हाय म्हनंल?"

कोणीच म्हणू शकलं नाही. तिने पदर खोचला आणि बोटांनी तेल चोळायला सुरुवात केली. मनोभावे. मला आजही कळलेलं नाही की ती मुद्दाम करत होती की खरोखरच तिला तो उपाशी मारुती बघवला नाही. मी विचारलंही नाही. शेंदूर तेलातलाच असतो, तेल मिळालं की तो सुटतो. थर मऊ झाले, नारिंगी ओघळ खाली आले, आणि तिने डोळे अलगद काढून रुईच्या पानावर ठेवले. गृहस्थाला तेवढ्यात फोन आला. फोन वाजला नव्हता, पण आला.

मी रुमालाने पट्टी पुसली. आकडे दिसले. आरसी बुक उघडून दादाने स्वतः एकेक आकडा वाचला, जमिनीचा गट नंबर वाचतो तसा, बोट ठेवून.

"जुलला," तो म्हणाला. "देवाशपथ जुलला."

खरंच जुळला होता. एकही आकडा इकडचा तिकडे नव्हता. पण मी इतकी वर्षं वह्या तपासल्यात. एकाची वही बघून दुसऱ्याने उतरवलेलं गणित मला उत्तरावरून नाही, अक्षरावरून कळतं. ह्या ओळीतले पहिले आकडे सरळ, खोल, एका हातचे होते. शेवटचे उथळ होते आणि एक जरा वर चढला होता. मी कागद ठेवला आणि पेन्सिल आडवी धरून घासली. कागदावर शेवटचा आठ उमटला, आणि त्या आठाच्या पोटात आधीचा तीन. शेजारच्या एकाच्या डोक्यावर पुसलेल्या साताची काठी. खालचं लोखंड ग्राइंडरने चाटलेलं, त्याच्या बारीक रेघा सगळ्या एकाच दिशेने गेलेल्या.

मी कागद दादाला दाखवला. गृहस्थ फोन संपवून आला आणि म्हणाला, पुराना लोहा है, उभर आता है. लोखंडाला तीनच का उभरून यावासा वाटला, ते त्याने सांगितलं नाही.

दादाने कागद पाहिला. त्याला कळलं. असला कागद त्याला कळणार नाही तर कुणाला कळणार? पण त्याने तो घडी करून माझ्या हातात परत दिला. "वरचा काय हाय ते बघायचं," म्हणाला. "वरचा जुलला. तू म्हनाली होतीस, जुलला तर सही."

मी त्याला विचारलं, "दादा, सातबाऱ्यावरचं एक नाव खरवडलं आणि त्याच्यावर दुसरं लिहिलं, तर तू जुळलं म्हणशील?"

वहिनी तेलाचे हात तसेच धरून त्याच्याकडे बघत राहिली. त्याने आरसी बुक मिटलं. मग जे बोलला ते रागाने नाही बोलला, समजावल्यासारखं बोलला, आणि तेच मला जास्त लागलं.

"तुझी गोष्ट येगली हाय, बाय. तुझं नाव तिथं नुसतं पाटीवानी लागलंय. जमीन आपल्या घराची हाय."

पाटीसारखं. म्हणजे स्क्रू काढला की निघणारं. बाबांची मुलगी, त्याच घरात जन्मलेली, आणि मी पाटी. मला रडूच आलं असतं, पण त्याआधी राग आला. तीस मुलांच्या वर्गात रोज उभी राहून मी एकच गोष्ट घोकून घेते. 'शाला' म्हणायचं नाही, शाळा म्हणायचं. 'हाय' नाही, आहे. 'न्हाय' नाही, नाही. गावची पोरं बिचारी नाही नाही म्हणत घरी जातात आणि उंबऱ्यात न्हाय म्हणतात. मीही लग्नानंतर तो शब्द तोंडातून काढून टाकला होता. माझी अशी समजूत होती की माझ्याकडे आता नाही म्हणायला फक्त पुस्तकातला शब्द उरलाय, आणि तो भावापुढे बाहेर पडत नाही.

"न्हाय," मी म्हटलं.

दादाने मान वर केली. "काय?"

"सही न्हाय करायची मना."

तो हसण्याचा प्रयत्न करून म्हणाला, पोरांना शिकवतेस ते 'नाही' कुठं गेलं?

"ते शालेचं. हे घरचं हाय."

परतताना गावातल्या मारुतीपाशी वहिनी उतरली आणि लगेच परत आली, कारण तेल संपलं होतं.

ज्या गाडीसाठी टेमघर विकल्याशिवाय जमणारच नव्हतं, ती महिना व्हायच्या आत दादाच्या दारात उभी राहिली. पैसे कुठून आले हे मी विचारलं नाही. जिथून आधीही येऊ शकले असते तिथूनच आले असणार. आणायच्या आधी त्या गृहस्थाने मारुतीला पुन्हा शेंदूर लावून डोळे बसवून दिले, ती सेवा फुकट. मग गाडी नावावर करायला आरटीओत नेली. तिथल्या माणसाने चेसिसचा ठसा घ्यायला कागद आणि पेन्सिल काढली, आणि दादा त्याला म्हणाला, देवावर हात टाकायचा न्हाय. त्या माणसाला देवाचं माहीत नव्हतं, त्याला ठसा हवा होता. प्रकरण अजून तिथेच आहे. गाडी कागदोपत्री कुणाचीच नाही म्हणून रस्त्यावर काढता येत नाही, आणि विकायची तर आता दादालाच कुणापुढे तरी इतिहास सांगत उभं राहावं लागेल. ती दारात ताडपत्रीखाली असते. वहिनी दर शनिवारी बॉनेट उघडून तेल घालते. शेजारच्या बायकाही येऊ लागल्यात. येणारे-जाणारे चपला बाजूला काढून हात जोडतात, आणि समोर पाटीवर दादा असं लिहिलेलं असल्यामुळे तो नमस्कार नक्की कोणाला, हा प्रश्न भावाने कधी सोडवला नाही.

भाऊबीजेला तो येईल असं मला वाटलं नव्हतं. सकाळपासून मी ताट करून ठेवलं होतं आणि ते दिसू नये म्हणून त्यावर परात झाकली होती. तो दुपारी आला. साडी नव्हती, ते बरं झालं. मी ओवाळलं. चहा दिला. त्याने कप बशीत ठेवला आणि कप किणकिणायला लागला, तेव्हा त्याने तो हाताने धरून ठेवला. खाली दिवसपाळी चालू होती.

"अजून हालतंय का गं?" त्याने विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"हाय की."

तो खिडकीतून बघत राहिला. त्याला वाईट वाटलंय हे मला दिसत होतं, आणि मला बरं वाटलं हेही सांगून टाकते. मग चहा संपवून, तोंड पुसून, जुन्याच मायेने तो म्हणाला, टेमघरला न्हाय हालत. रस्ता मोठा होतोय तिकडं. आपण असं करू, तिथं गाळे काढू. निम्मे तुझे, तुझ्या नावाने. लागलं तर पाटीपण तुझ्या नावाची लावू. फक्त एक सही...

"न्हाय," मी म्हटलं, आणि त्याचा रिकामा कप उचलून आत नेला.